चार सिलिंडरच्या गाडीला दोन नळ्या

इंदूरला रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात वडिलांची मारुती एस्टीम उभी असते. गेल्या पावसाळ्यात तिचा मागचा सायलेन्सर गंजून फुटला, तेव्हा तसाच दुसरा आणून बसवण्याऐवजी मागे दोन नळ्या असलेला एक्झॉस्ट घरीच तयार करण्याचे मी ठरवले. काकांनी पहिल्याच दिवशी विचारले, "दोन नळ्या लावून गाडी दुप्पट पळणार आहे का रे?" पळणार नाही, हे मला ठाऊक होते. व्ही आकाराच्या इंजिनात सिलिंडरांच्या दोन रांगा असतात आणि प्रत्येक रांगेचा धूर स्वतंत्र वाटेने मागे नेता येतो. एस्टीमच्या १२९८ सीसी इंजिनात मात्र चारही सिलिंडर एकाच रांगेत असून त्यांचा धूर मॅनिफोल्डपाशीच, म्हणजे इंजिनाला लागून असलेल्या नळ्यांच्या जोडापाशीच, एक होतो. पुढे वाय (इंग्रजी Y च्या आकाराचा जोड) लावून त्याचे दोन भाग करणे हा रूपाचा आणि नादाचा मामला आहे, ताकदीचा नव्हे.

म्हणूनच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) आणि मागच्या सायलेन्सरपर्यंतचा सगळा भाग मी जसाच्या तसा ठेवला. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० प्रमाणे सायलेन्सर बंधनकारक आहे, आणि ध्वनिप्रदूषणाबद्दल १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९०(२) खाली कारवाई होऊ शकते. त्यामुळे दोन्ही फाट्यांवर एकेक छोटा सायलेन्सर असणे हे गृहीतच होते. गल्लीत सकाळी सहाला गाडी सुरू करणाऱ्याने एवढी लाज बाळगायलाच हवी.

पहिली चूक खरेदीतच झाली. लोहामंडीतून मी एसएस ३०४ ची (एका प्रकारच्या स्टेनलेस पोलादाची) दीड इंची नळी उत्साहाने घेऊन आलो आणि हिशेब मात्र घरी आल्यावर मांडला. दीड मिलिमीटर जाडीच्या पावणेदोन इंची मुख्य नळीचे आतील क्षेत्रफळ सुमारे १३५० चौरस मिलिमीटर भरते. दीड इंचीच्या दोन नळ्यांचे मिळून ते १९३० च्या घरात जाते, तर सव्वा इंचीच्या दोन नळ्यांचे १३०० च्या आसपास. वाट अकारण रुंद केली की धुराचा वेग मंदावतो, तो लवकर गार होतो आणि नळीत पाणी साचू लागते. मागे पोहोचेपर्यंत धूर आधीच थंड होऊन आक्रसलेला असल्यामुळे सव्वा इंची नळी पुरेशी होती. ती दुसऱ्या दिवशी आणली. दीड इंचीची आता आईच्या मोगऱ्याच्या वेलाला आधार झाली आहे.

वाकवलेले तुकडे मी तयारच घेतले, कारण साध्या यंत्रावर नळी वाकवली की आतल्या बाजूने ती चेपते आणि केलेला सगळा हिशेब वाया जातो. गाडी घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) चढवून, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून मी खालून मापे घेतली. पण पेट्रोलची टाकी जवळ असल्यामुळे गाडीखाली वेल्डिंगचा एकही टाका मारला नाही. खुणा करायच्या, तुकडे बाहेर काढायचे आणि फळीवर ठोकलेल्या साच्यात बसवून जोडायचे, असे पंधरा-वीस वेळा करावे लागले. टिग यंत्र (आर्गॉन वायूच्या आडोशात वेल्डिंग करणारे) भाड्याने आणले होते. स्टेनलेसच्या जोडासाठी ३०८ एल आणि जिथे तो जुन्या साध्या पोलादाला मिळतो तिथे ३०९ एल या प्रकारची भरणाची सळई वापरली. तापलेल्या जोडाला आतून हवा लागू नये म्हणून नळीची तोंडे चिकटपट्टीने बंद करून आतही आर्गॉन भरावा लागतो; तो कंटाळा एका जोडावर केला, तर आतून काळा, खरखरीत साखरेसारखा थर आला आणि तो जोड कापून पुन्हा करावा लागला.

खरा धडा मिळाला तो डाव्या फाट्यावर. चारही बाजूंना टाके मारून समोरासमोर थोडे थोडे भरत जाण्याऐवजी मी एक जोड एका दमात पूर्ण केला. गार होताना धातू त्या बाजूला आक्रसला आणि नळीचे टोक बंपरच्या कापापासून तब्बल २० मिलिमीटर सरकले. उष्णतेने होणारी वाढही यात धरावी लागते. ३०४ ची १.२ मीटर नळी २०० अंशांनी तापली की साधारण ४ मिलिमीटर लांबते, आणि पुढची पोलादी नळी आपली वाढ त्यात घालतेच. त्यामुळे नळ्या फक्त रबरी हँगरांवर लटकत ठेवल्या आणि चहूबाजूंनी बोटभर जागा सोडली.

गाडी बायपासवर काढली आणि इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असा घुमारा उठला की आई म्हणाली, "अरे, कानात भुंगा शिरलाय." चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात, म्हणजे त्या वेगाला सेकंदाला १०० ठोके. सुमारे २०० अंश तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला जवळपास ४३६ मीटर असतो, म्हणजे त्या नादाच्या एका लाटेची लांबी ४.३६ मीटर. तिच्या चौथाईइतकी, १०९ सेंटिमीटर लांबीची, टोक बंद असलेली नळी वायच्या आधी बगलेला जोडली, की आत जाऊन परतणारी लाट मुख्य लाटेच्या नेमकी उलटी पडते. ती नळी इंग्रजी जे (J) अक्षरासारखी वळवून सुट्या चाकाच्या खोबणीच्या कडेने नेण्यात दोन रविवार गेले. घुमारा पूर्ण गेला नाही; धूर किती तापला आहे त्यावर तो थोडा मागेपुढे सरकतो, पण आता मागच्या सीटवर बसून बोलता येते.

सर्वांत शेवटी दोन्ही सायलेन्सरांच्या तळाला ३ मिलिमीटरचे एकेक भोक पाडले. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि राजवाड्यापर्यंत जाऊन परत येण्याएवढ्या फेऱ्यांत सायलेन्सर ते उडवण्याइतका तापतच नाही. थंडीत काकांनी अंगणातले दोन ओले ठिपके पाहून गाडी गळते आहे असे जाहीर केले. मी खाली वाकून दोन्ही थेंब सारखे पडत आहेत ना, एवढेच पाहिले. डावीकडचा जरा जास्त होता.