बॅट टाक आणि पळ

आमच्याकडे पोरगं नीट बोलायला लागायच्या आधीच क्रिकेट त्याच्या अंगात शिरलेलं असतं आणि उरलीसुरली जागा फुटबॉल घेतो, गोव्याने तर २०१२ मध्ये फुटबॉल हा राज्याचा खेळ म्हणून जाहीरच केलाय. त्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या बालवाडीत बेसबॉल खेळवायचा म्हटल्यावर स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला तो "हेल्मेटं कोण देणार?" हा. मी म्हटलं हेल्मेट नको, बॉल फेकणारा पिचर नको, तो कडक बॉलही नको, मला फक्त एक पाईप द्या.

मी प्रायमरीची पीटी टीचर. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेय त्यामुळे बेसबॉल काही अगदीच परका नाही. बालवाडीच्या टीचर कधीच्या मागे लागल्या होत्या की दरवर्षी लिंबू-चमचा नि बेडूकउड्या, एक पोरगं पहिलं येतं आणि निम्मी रडत घरी जातात, ह्या खेपेला असं काहीतरी काढ की सगळ्यांना सगळं करायला मिळेल. तेव्हा टी-बॉल डोक्यात आला.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पिचर ६० फूट ६ इंचांवरून बॉल फेकतो आणि बेस, म्हणजे बॉल मारल्यावर पळत गाठायची ठिकाणं, एकापासून दुसरं ९० फुटांवर असतं. टी-बॉलमध्ये पिचर हा माणूसच काढून टाकलाय. पोराच्या कमरेएवढा एक दांडा उभा करायचा, तोच टी, त्याच्या डोक्यावर बॉल ठेवायचा, पोराने तो मारायचा आणि पळत सुटायचं, बस. अमेरिकेत लिटल लीग म्हणून मुलांची बेसबॉलची संस्था आहे १९३९ पासूनची, त्यांच्याकडे टी-बॉल चार ते सात वर्षांच्या पोरांना असतो आणि बेसमधलं अंतर ५० फूट. कारण काय तर चार वर्षांच्या पोराला अंगावर येणारा बॉल दिसतो सगळा, पण तो कधी येऊन पोचणार ह्याचा अंदाज त्याला बांधता येत नाही, ते हात पुढे करतं आणि डोळे मिटून घेतं. थांबलेला बॉल मात्र मारता येतो. आणि हे काही नुसतं बाळांचं काम नाही हां, मेजर लीगमधले, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बेसबॉल लीगमधले, करोडो कमावणारे बॅटरसुद्धा सरावाला टीवर बॉल ठेवून मारत बसतात.

आमचा टी आम्हीच केला. डिचोलीच्या बाजारातून पीव्हीसी पाईपचा तुकडा आणला, रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून त्यात तो उभा केला आणि वरच्या टोकाला वीतभर रबरी नळी बसवली, कारण पोरं बॉलपेक्षा पाईपलाच जास्त मारणार हे ठरलेलं, नळी असली की हाताला झिणझिण्या येत नाहीत. बॅट प्लास्टिकची, बॉल स्पंजचा. बेस म्हणून गोणपाटं टाकूया असं कोणीतरी म्हणालं, पण आमच्या पटांगणात लाल माती नि बारीक खडी, त्यावर गोणपाट सरकलं की पोर तोंडावर. म्हणून फक्कीनेच चार चौकोन आखले. अंतर माझी दहा पावलं, पन्नास फूट ह्यांना कुठले झेपतायत. टीच्या भोवती मोठं गोल, त्या गोलात एका वेळी एकच पोर, हा एकच नियम मी कडक ठेवला होता कारण फिरणारी बॅट प्लास्टिकची असली तरी मागच्याच्या नाकावर बसायची ती बसतेच.

तर शुक्रवारी प्रार्थना झाल्यावर अठरा पोरं बाहेर काढली. पोरांबरोबर आपोआप आजोबा-आज्याही आल्या, नातवाला सोडायला आलेली ही मंडळी घरी जातच नाहीत, चिऱ्यांच्या बांधावर रांगेत बसून राहतात. त्यांना वाटलं आज क्रिकेट आहे.

पहिला पोरगा आला, निळा टी-शर्ट, दोन्ही मुठी घट्ट. लाकूड फोडल्यासारखी बॅट वरून खाली आणली आणि नळीवर मारली, बॉल तिथल्या तिथे पायाशी पडला. परत ठेवला. ह्या खेळात स्ट्राइक नाही, तीन वेळा चुकला म्हणून आऊट नाही, लागेपर्यंत मारायचं. मी मागून त्याचे खांदे धरून त्याला आडवा उभा केला, पोट टीकडे. मग मात्र बसला, चांगला खणखणीत, बॉल सरळ अबोलीच्या वाफ्याकडे गेला. मी ओरडले पळ. आणि हा पठ्ठ्या बॅट काखेत मारून समोर सरळ पळाला, आठ-दहा पावलं गेला, वाकून बॅट जमिनीला टेकवली आणि वळून परत टीकडे आला. दोन रन काढले त्याने! बांधावरून टाळ्या.

मला खरंच हसू आवरेना. ह्याला कोणी शिकवलं असेल? कोणीच नाही, घरात टीव्ही चालू असतो, काका वाडीत खेळतो, तेवढ्यावर चार वर्षांच्या पोराला क्रीज कळते. बॉल मारणं हे आपल्याला वाटतं अवघड, ते पाच मिनिटांत बहुतेक सगळ्यांना जमलं. जमेना ते बॅट टाकणं. क्रिकेटमध्ये बॅट सोडायची नाही, बेसबॉलमध्ये ती सोडल्याशिवाय खेळच पुढे जात नाही. वर बांधावरून एक आजोबा दर पोराला कोचिंग देत होते, "बॅट घेवन धांव रे! बॅट सोडूं नाका!" मी एकीकडे ओरडतेय टाक टाक, आजोबा ओरडतायत सोडू नको, आणि पोर मधल्यामध्ये बॅट छातीशी धरून रडायच्या बेताला.

मग मदतनीस ताईंनी डोकं चालवलं. शेडमधला स्कूटरचा जुना टायर आणून टीच्या बाजूला ठेवला, म्हणाल्या बॅटीचं घर हे, बॅट घरात ठेव आणि माझ्याकडे पळत ये. आणि स्वतः जाऊन पहिल्या बेसवर हात पसरून बसल्या. झालं काम! पोरांना बॉल मारण्यापेक्षा टायरात बॅट टाकायलाच जास्त मजा यायला लागली. एक मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी, ती बॅट मारून झाल्यावर चालत टायरापाशी गेली, बॅट आत ठेवली, ती तिरकी दिसली म्हणून सरळ केली, निघाली, चार पावलांवर थांबून मागे पाहिलं, परत आली, मूठ टायराच्या बाहेर येत होती ती आत सरकवली आणि मग पळाली. तोवर फील्डिंगवाल्यांनी बॉल आणून माझ्या हातात दिला होता. आऊट देणार कोणाला, आमच्यात आऊटच नाही.

फील्डिंगचं काय सांगू. तिथे मी काही शिकवायच्या भानगडीत पडले नाही. बॉल गेला की नऊच्या नऊ पोरं त्याच्यामागे, ज्याला मिळाला तो पोटाखाली घेऊन झोपणार, बाकीचे त्याच्या अंगावर. दोघंजण तर खेळातच नव्हते, ते हुमल्यांची, म्हणजे मुंग्यांची, रांग कुठे जाते ते बघत होते, त्यातला एक मध्येच येऊन "टीचर, म्हाका केन्ना?", माझी पाळी कधी, असं विचारून परत हुमल्यांकडे. ह्या वयाला हे चालतं. उगाच तू शॉर्टस्टॉप तू लेफ्ट फील्ड अशा फील्डिंगच्या जागा वाटत बसलं की सगळा वेळ पोरांना जागेवर उभं करण्यातच जातो.

खरी गंमत दुसऱ्या फेरीत. मारणं जमलं, टायर जमला, आता चारी बेस फिरून परत घरी, म्हणजे टीपाशी. बेसबॉलमध्ये धावायचं ते घड्याळाच्या उलट, म्हणजे उजव्या हाताच्या बेसकडे आधी. आणि आमची अर्धी पोरं न सांगता डावीकडे, थेट तिसऱ्या बेसकडे. ताई पहिल्या बेसवर हात पसरून बसल्यात आणि पोरं त्यांना पाठ दाखवून पलीकडे. मला आधी कळेना, मग एक आजी बांधावरूनच म्हणाल्या, "उरफाटी प्रदक्षिणा घालूंक नाका म्हण सांगलां गो आमी तांकां." घ्या! रोज संध्याकाळी देवळात आजीचं बोट धरून फिरणारी पोरं, मध्ये काहीतरी आणि चारी बाजूंनी फिरायचं म्हटलं की उजवा खांदा आत, पाय त्याच दिशेला वळणार. आणि एक तर तिसऱ्या चौकोनापर्यंत गेला आणि गर्रकन वळून आला त्याच वाटेने मागे. ह्यावर आज्यांच्यात चर्चा झाली, एकीचं म्हणणं तो नार्व्याला सप्तकोटेश्वराला जातो ना घरच्यांबरोबर, शंकराला पूर्ण प्रदक्षिणा नसते, सोमसूत्रापाशी, म्हणजे पिंडीवरचं पाणी बाहेर जातं तिथे, वळतात, बरोबरच केलं पोराने. मला काय बोलावं सुचेना, पोरगा बहुतेक नुसता गोंधळला होता, पण आजींच्या पुढे कोण बोलणार.

दिशा मी समजावून सांगितलीच नाही. डावं-उजवं ह्या वयात कळत नाही, कळलं तरी पळताना आठवत नाही. प्रत्येक बेसवर एकेक मोठं माणूस बसवलं, पहिल्यावर ताई, दुसऱ्यावर बालवाडीच्या टीचर आणि तिसऱ्यावर त्या प्रदक्षिणेवाल्या आजींनाच खाली बोलावलं. आजी साडीचा पदर खोचून आल्या, खुर्ची नको म्हणाल्या. एकाने दुसऱ्याकडे पाठवायचं, हाक मारून. त्यानंतर एकही पोर चुकलं नाही, आणि उलट्या प्रदक्षिणेबद्दल आजीही काही बोलल्या नाहीत.

मधल्या वेळात गेटपाशी बाईकवर थांबलेल्या एका बाबांशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं असं की ठीक आहे पण ह्याचा इथे उपयोग काय, आपल्याकडे कोण बेसबॉल खेळतो. मी म्हटलं रिंकू सिंग माहीत आहे का. म्हणाले माहीत काय, केकेआरवाला, शेवटच्या ओव्हरला पाच सिक्स. म्हटलं तो नव्हे, दुसरा रिंकू सिंग, उत्तर प्रदेशचाच, भाला फेकायचा, तो आणि दिनेश पटेल, दोघांना जोरात बॉल फेकायच्या एका स्पर्धेतून उचललं आणि २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स ह्या अमेरिकेतल्या बेसबॉल टीमने करार केला, आधी दोघांनी बेसबॉल खेळलेलाही नव्हता. बाबांनी तिथेच मोबाईल काढून शोधलं. पण खरं सांगायचं तर मला पोरांना पिट्सबर्गला पाठवायचं नाहीये, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही आहेत तेही ह्या पोरांच्या कामाचं नाही. चार वर्षांचं पोर एका हातातलं सोडून दुसरीकडे पळायला शिकतं, हाक ऐकून दिशा बदलतं, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतं, मला तेवढं पुरे होतं.

थांबणं मात्र जमलं नाही, हे सांगायला पाहिजे. एक टी आणि अठरा पोरं म्हणजे एकाची पाळी परत यायला खूप वेळ. पंचवीस मिनिटांनंतर रांगेत ढकलाढकली सुरू, एकाने दुसऱ्याच्या दप्तरातली बाटली पळवली, हुमल्यांकडे आता पाच जण. तिथेच खेळ थांबवला, शेवटच्याने मारलं की सगळ्यांनी एकदम धावून घरी यायचं असं सांगितलं आणि अठरा पोरं, दोन टीचर, ताई नि आजी असे सगळे एकदम पळाले, कोण कुठल्या दिशेने ते बघूच नका. स्कोअर कोणी ठेवला नव्हता. गेटवर दोन-तीन आयांनी विचारलंच कोण जिंकलं, आणि मी स्कोअर का ठेवला नाही ते त्यांना फारसं पटलं नाही असं दिसलं. माझं मत पक्कं आहे, पहिलीत जाईपर्यंत स्कोअर नको.

पुढच्या वेळेला तीन टी हवेत, म्हणजे सहा-सहाची रांग, दोन पाईप आणून ठेवलेत, सिमेंट ओतायचं राहिलंय. आणि ते कोचिंगवाले आजोबा, त्यांनी सोमवारी स्वतःच्या हाताने केलेली बॅट आणून दिली, फणसाच्या लाकडाची, पॉलिश मारलेली, उचलली तर माझाच हात खाली गेला. आणि चपटी! सांगितलं त्यांना की ह्या खेळाची बॅट गोल असते आणि पोरांना वजन झेपणार नाही. आजोबा म्हणाले, गोल बॅटीन बॉल खंय वचत तें कळना, म्हणजे बॉल कुठे जाईल तेच कळत नाही. बॅट सध्या स्टाफरूमच्या कपाटावर आहे आणि आजोबा रोज नातवाला सोडायला आले की विचारतात, आज काढणार का.