उघडं कार्ड

आमच्या आजीच्या हिशोबात पोस्टकार्ड तीनच कामांचं. सुखरूप पोचलो, मुलगा झाला, आणि तिसरं ते कोपरा फाडलेलं, जे दारातच वाचून फाडून टाकायचं, घरात आणायचं नाही. ती आज असती आणि मी फिनलंडच्या कुठल्याशा बाईला "आमच्याकडे चार दिवस पाऊस थांबला नाहीये" एवढं कळवायला परदेशी टपालाची तिकिटं लावते हे तिला कळलं असतं तर म्हणाली असती, पत्रास कारण की, असं काही आहे का नाही?

तर कारण काहीच नाही. पोस्टक्रॉसिंग नावाचा प्रकार आहे, २००५ मध्ये पाउलो मागाल्याइंश या पोर्तुगीज माणसाने सुरू केला, स्वतःला पत्रपेटीत कार्डं सापडायला आवडतात म्हणून. तुम्हाला कोणातरी अनोळखी माणसाचा पत्ता मिळतो आणि एक आयडी, तो कार्डावर लिहायचा, समोरच्याने तो नोंदवला की मग तिसऱ्याच देशातलं कोणीतरी तुम्हाला कार्ड पाठवतं. म्हणजे ज्याला लिहिलं त्याचं उत्तर येईलच असं नाही. अगदी लग्नातल्या आहेरासारखं.

मुंबईची बरी कार्डं मिळणं हे एक वेगळंच प्रकरण. गेटवेला पाकिटातून विकतात त्यातल्या बऱ्याच फोटोंत आकाश जांभळं असतं आणि सी-लिंकचा पत्ता नसतो, म्हणजे २००९ च्या आधीची मुंबई मी आजची म्हणून जगभर पाठवतेय. मग शनिवारी ऑफिस सुटलं की जीपीओ, म्हणजे मुंबईचं मुख्य पोस्ट ऑफिस. १९१३ची इमारत, विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेला घुमट, बाहेर कबुतरांची फडफड आणि आत मी डिंकाने बरबटलेली बोटं रुमालाला पुसत उभी. शिक्का शक्यतो समोरच मारून घेते, सुंदर तिकिटं वाटेत कोणाला आवडू नयेत म्हणून.

येणाऱ्या कार्डांवर गिरगाव कसं लिहिलेलं असतं ते विचारू नका, एकदा तर नुसतं गिरगो होतं, पण खाली ४००००४ असलं की बिचारं येतंच. हे सहा आकडे १९७२ मध्ये आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे मोठे पंडित. उगाच अभिमान वाटतो.

पण कार्डाची खरी गंमत (आणि वैताग) म्हणजे ते उघडं असतं. कार्डं नवीन निघाली तेव्हा युरोपातल्या लोकांनीही नाकं मुरडली होती म्हणे, नोकरचाकर वाचतील म्हणून. आमच्याकडे नोकर नाहीत पण तळमजल्याचे काका आहेत. बँकेतून रिटायर झालेले, दिवसभर दारात खुर्ची टाकून बसतात, त्यामुळे पोस्टमन सगळ्यांची टपालं त्यांच्याच हातात देतो आणि ते ती वाचून, हो वाचूनच, ज्याच्या त्याच्या पेटीत टाकतात. "तुझ्या तैवानवालीची परीक्षा आहे गं पुढच्या आठवड्यात," हे मला जिन्यातच कळतं. सुरुवातीला जाम राग यायचा, आईला म्हटलंही की बोल त्यांच्याशी, ती म्हणाली मग पाकिटात घालून मागव.

गेल्या जुलैत जिन्याखाली पाणी गळलं आणि माझ्या पेटीचं झाकण तर कधीचंच तुटलेलं. फिनलंडचं कार्ड होतं, पुढे बर्चची पांढरी झाडं, मागे शाईच्या पेनाने गच्च लिहिलेलं सगळं वाहून निळा ओघळ झालेला. आयडी तेवढा बॉलपेनने होता म्हणून वाचला. मी कार्ड धरून तशीच उभी, तर काका खुर्चीतून म्हणाले,

"अगं, मी वाचलं होतं सकाळी. तिच्या कुत्र्याच्या पायाला लागलंय, टाके घातलेत. ब्लूबेरी गोळा करायला जायचं राहिलं म्हणून हळहळत होती. आणि तुला विचारलंय, एवढ्या पावसात तुम्ही कपडे वाळत कुठे घालता?"

"आणि कुत्र्याचं नाव?"

"ते नाही बुवा लागलं. दोन दोन ए, दोन दोन के, काहीतरी भलतंच होतं."

मग तिथेच जिन्यात बसून तिला आभार लिहिले. कपडे गॅलरीत, पंख्याखाली, आणि अगदीच नाही वाळले तर इस्त्री फिरवून, असं काकांनी सांगितलं तसंच लिहिलं.