७.०८ मेगाहर्ट्झवरची घरघर गेली, आता बेचाळीसची कडकड

मंडळी, नाटकासाठी शॉर्टवेव्हवरची विजांची खरखर रेकॉर्ड करायची होती, तिच्या आड येणारी घरघर सापडली! काल रात्री चाळीस मीटरच्या लहरींवर एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) एस ३च्या खाली गेला. सांगलीत, माझ्याच गच्चीवर, त्याच डायपोल अँटेनावर. आधी एस ८च्या खाली काटा यायचाच नाही.

नाटक असं आहे. १९४२, वाळव्याकडचा वाडा, दारं लावून छोडो भारत चळवळीचा गुप्त काँग्रेस रेडिओ ऐकणारी माणसं. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईत जागा बदलत ४२.३४ मीटरवरून बोलायचे, १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत. ४२.३४ मीटर म्हणजे ७.०८ मेगाहर्ट्झ, आज आपल्या हॅम (हौशी रेडिओवाल्यांच्या) बँडमध्येच! म्हणून तर मी हे काम अंगावर घेतलं. दिग्दर्शक इंटरनेटवरची खरखर लावणार होते. ती एफएम सेटची सपाट फसफस असते. त्या काळच्या शॉर्टवेव्हवर खरखर यायची ती विजांची. शेकडो किलोमीटर लांबच्या ढगांतली वीज रात्री आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून यायची, आजही येते. सप्टेंबर-ऑक्टोबर तर परतीच्या पावसाचे, विजांचेच महिने. नाटकात वातावरण उभं करायचं तर त्याच लहरीवरचं, त्याच हंगामातलं करू, असा माझा हट्ट.

पण विजा ऐकायच्या कशा? वॉटरफॉलवर (संगणकाच्या पडद्यावर लहरी दाखवणाऱ्या चित्रावर) दर साठ-सत्तर किलोहर्ट्झला एक जाड पट्टा, हळूहळू सरकणारा, आणि आवाजात शंभर हर्ट्झची घरघर. म्हणजे कुठलातरी स्विचिंग अ‍ॅडॉप्टर, यात शंकाच नव्हती. घराचा मेन बंद केला, रिसीव्हर बॅटरीवर घेतला, काही फरक नाही. गल्लीतली लाइट गेली की मात्र बँड स्वच्छ. पण आमच्याकडे रात्रीची लाइट जाते ती विजांचा पाऊस डोक्यावर आला की, आणि तेव्हा अँटेना काढून ठेवायची असते. तिथे धाडस नको, कोणीच करू नये.

मग मिडियमवेव्हचा छोटा सेट घेऊन गल्लीतून फिरलो. सेटमधल्या फेराइट रॉडचं (आतल्या अँटेनाच्या दांडीचं) टोक उगमाकडे झालं की आवाज पडतो, हे आपलं नेहमीचं. इथे ते चालेना, कारण घरघर खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरवर चढून गल्लीभर पसरलेली. प्रत्येक खांब म्हणे मीच तो. शेवटी दिशा सोडून दिली आणि नुसता जोर बघत गेलो. कोपऱ्यावरच्या हळदीच्या गोदामापाशी सेट किंचाळायला लागला. भिंतीवर कॅमेऱ्याचा अ‍ॅडॉप्टर.

राखणदार मामांना विचारलं, "मामा, दोन मिनिटं हा प्लग काढू का?"

"काढा की. पण मालक मोबाइलवर बघत असतो हं."

प्लग काढला आणि घरी वॉटरफॉलसमोर बसलेला पुतण्या फोनवर ओरडला, "काका, गेलं!"

मालकांनी समजून घेतलं. वायरवर क्लिप-ऑन फेराइट (घरघर अडवणारे तुकडे) लावून पाहिले, पण वायर एकदाच आरपार गेली तर सात मेगाहर्ट्झला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. ऑनलाइन विकणारे मिक्स (फेराइटचा प्रकार) कोणता तेही लिहीत नाहीत, ते घेऊच नका. पुण्याच्या तपकीर गल्लीत हातात घेऊन, विचारून घ्या. ३१ मिक्सच्या टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) वायरचे भरपूर वेढे दिले तेव्हा बराच फरक पडला. पण पूर्ण शांतता आली ती अ‍ॅडॉप्टरच बदलल्यावर. बारा व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर आणि ७८१२ (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप), दणकट वस्तू.

काल रात्री हॅम मंडळींच्या गप्पा ओसरल्यावर रेकॉर्डिंग केलं. मोड एएम, खरखर कापणारा नॉइज ब्लँकर बंद (तो विजाच खातो), फिल्टर रुंद. अरुंद फिल्टरवर कडकड बोथट होते. आधी बारीक चुरचुर, मग दोन-तीन कडाके एकावर एक, त्यापाठी क्षणभर सेट बहिरा होतो आणि फसफस हळूच वर येते. तो बहिरेपणा एजीसीचा, म्हणजे जोर वाढला की आवाज आपोआप आवरणाऱ्या सर्किटचा. मला सगळ्यात तोच आवडला.

आणि हे लिहितानाच लक्षात येतंय, निवेदिकेचा आवाज संगणकावर या खरखरीवर चढवायचा बेत चुकीच्या वाटेने जाईल. तसं केलं तर वीज कडाडते तेव्हा आवाज जागचा हलत नाही. खऱ्या सेटमध्ये तो दबतो, मग सावरतो. त्यापेक्षा सिग्नल जनरेटर ७.०८वर ठेवून तिच्या आवाजाने एएम मॉड्युलेट करायचा, अ‍ॅटेन्युएटर (जोर कमी करणारा) आणि कंबाइनरमधून (दोन सिग्नल एकत्र करणारा) अँटेनाबरोबर रिसीव्हरमध्ये घालायचा. कंबाइनरचं आयसोलेशन चांगलं हवं, अँटेनाकडे काही जाता कामा नये. जनरेटरची पातळी हाताने वर-खाली केली की फेडिंगसुद्धा मिळेल. आता विजा आहेत तोवर हे करून घ्यायला हवं.

स्पीकर रंगमंचावरच्या सेटमध्येच बसवणार, नाट्यगृहाच्या मोठ्या स्पीकरवर हा आवाज जाऊ देणार नाही. त्यासाठी जुन्या व्हॉल्व्ह सेटचं रिकामं लाकडी खोकं हवंय, चालू सेट कोणी फोडू नका. सांगली, मिरज, कराड, कुठूनही येऊन घेऊन जाईन.