कोबीचा मान

कोबीची भाजी कुणी हट्टाने मागितल्याचं मला आठवत नाही. ती डब्यात असते, घाईच्या दिवशी असते, चण्याची डाळ घालून तिला जरा बरं रूप दिलेलं असतं. पाहुणे येणार म्हणून मुद्दाम कोबी आणलेलं घर मी तरी पाहिलेलं नाही. स्लोव्हाकियात नेमकं उलटं. लग्नाला कोबी, नाताळला कोबी, गावात डुक्कर कापलं त्या दिवशीही कोबी. मला वाटतं फरक वेळेचा आहे. आपण कोबीला दहा मिनिटं देतो, ही माणसं त्याला अख्खा मोसम देतात.

आमचं बिऱ्हाड पुण्याहून स्लोव्हाकियातल्या नित्रा शहरात आलं ते मोटारींमुळे. टाटा समूहाच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरचा कारखाना इथे २०१८ मध्ये सुरू झाला आणि नवऱ्याचं काम त्याच्याशी जोडलेलं. खालच्या मजल्यावरच्या आजी मूळच्या बार्देयोवकडच्या, म्हणजे पार पूर्वेच्या, पोलंडच्या सीमेजवळच्या. इथे आपल्याहून मोठ्या बाईला 'तेता' म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. तर या तेतांकडे मी होलुब्की शिकले. खिमा-भात भरलेल्या कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या. देशाच्या पश्चिम भागात त्याला सरळ 'भरलेला कोबी' म्हणतात, पण तेतांसमोर ते नाव काढायची सोय नाही.

होलुब्कीची खरी सुरुवात शरद ऋतूत, तळघरात होते. प्रत्येक फ्लॅटला तळघरात एक खोलीवजा कपाट असतं, तिथे तेतांची मातीची मोठी बरणी आहे. तिच्या काठाला पन्हळ, पन्हळीत पाणी आणि त्या पाण्यात बुडेल असं झाकण. आत चिरलेला कोबी, मीठ, शहाजिऱ्यासारखं दिसणारं कॅरवे, आणि मधूनमधून अख्खे गड्डे, देठ कोरून त्या खळग्यात मीठ भरलेले. कोबी आंबायला लागला की आतली हवा पाण्यातून बुडुक करून बाहेर येते, बाहेरची मात्र आत जात नाही. तळघरात उभं राहिलं की हा आवाज ऐकू येतो आणि आंबट वास थेट नाकात जातो. पूर्वी खेड्यांत मोठ्या लाकडी पिंपात पोरांना पाय धुऊन उतरवत आणि कोबी तुडवून घेत. तेतांनीही तो तुडवलेला आहे. पाय रात्रभर चुरचुरायचे, म्हणतात.

आंबलेली पानं नसतील तर ताजा गड्डा चालतो. देठ कोरायचा, त्या जागी काटा खुपसायचा, मीठ आणि थोडं व्हिनेगर घातलेल्या उकळत्या पाण्यात गड्डा बुडवायचा आणि सुटेल तसं एकेक पान काढत जायचं. मग पानामागची जाड शीर सुरीने तासायची. हे काम अळूवडी करणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही. माझा हात चालताना पाहून तेतांची भुवई वर गेली, तेवढंच मला त्यांच्याकडून मिळालेलं प्रशस्तिपत्रक.

सारणात डुकराचा खिमा, चरबीत परतलेला कांदा, लसूण, पाप्रिका, अर्धाकच्चा भात आणि मरवा. होय, गजऱ्यात घालतात तोच मरवा, इथे वाळवून चुरलेला. पहिल्यांदा त्या खिम्याचा वास घेतला तेव्हा मला मंगळागौर आठवली, आणि हे तेतांना समजावून सांगण्याइतकी माझी स्लोव्हाक चांगली नव्हती. भात अर्धाकच्चाच हवा, कारण तो उरलेलं शिजणं पानाच्या आत करतो आणि फुगतो. म्हणून गुंडाळी सैल ठेवायची. पान दुमडत न्यायचं आणि दोन्ही टोकं बोटाने आत खोचायची. दोरा नाही, काडी नाही. "पोमाली, पोमाली," तेता म्हणत राहतात. सावकाश.

पातेल्याच्या तळाला आंबट कोबी, त्यात धुरावलेल्या मांसाचा तुकडा, वर गुंडाळ्या घट्ट शेजारी शेजारी, पुन्हा आंबट कोबी, बुडेल इतकं पाणी, वरून दाबायला उपडी ताटली. मग दोन तास मंद आच. ढवळायचं नाही.

मांस न खाणाऱ्यांनी हळहळू नये. ग्रीक कॅथलिक, म्हणजे पोपला मानणाऱ्या पण पूर्वेकडच्या रीतीने पूजा करणाऱ्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या आदल्या रात्री उपास असतो. त्या दिवशीच्या होलुब्कीत भाताबरोबर रानातून आणून वाळवलेल्या अळंब्या असतात आणि चरबीऐवजी तेल. मला खरं तर हीच जास्त आवडते. खिम्याच्या होलुब्कीत कोबी वेष्टन होतो, हिच्यात तो जेवणाचा मालक असतो.

शेजारपाजारचे सगळे देश ही आपलीच म्हणतात. पोलंड, युक्रेन, हंगेरी, सर्बिया, प्रत्येकाकडे भरलेली कोबीची पानं आहेत, आणि तुर्कांची द्राक्षाच्या पानांची सार्मा तर आहेच. नित्राच्या दक्षिणेचं नोवे झाम्की १६६३ ते १६८५ तुर्कांच्या ताब्यात होतं, तेव्हा कुणी कुणाच्या पातेल्यात डोकावलं हे शोधत बसण्यात अर्थ नाही. इकडून पोलादाच्या कारखान्यांत कामाला गेलेल्या माणसांनी होलुब्की अमेरिकेतल्या पिट्सबर्गलाही नेली.

खरं भांडण टोमॅटोवरून आहे. तेता रश्श्यात टोमॅटो घालतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना तो अजिबात चालत नाही, त्यांचा रस्सा पांढरा, पीठ आणि आंबट साय लावलेला. माझं मत बाईंच्या बाजूने, टोमॅटोने कोबीचा आंबटपणा झाकला जातो. हे मत मी जिन्यात बोलत नाही. दुसऱ्या दिवशी गरम केलेली होलुब्की जास्त चांगली लागते यावर मात्र दोन्ही घरांचं एकमत आहे, त्यामुळे कुणाचंच पातेलं लहान नसतं. आणि सोबतचा पाव आदल्या दिवशीचा असावा. ताजा पाव रश्श्यात लगेच विरघळतो.