ट्रॉम्सोच्या अंधाऱ्या हिवाळ्यात बाबांचा मुक्काम

माझे बाबा नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झाले आहेत आणि मी नोकरीनिमित्त नॉर्वेच्या उत्तर भागातील ट्रॉम्सो या शहरात राहते. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर ट्रॉम्सो जवळजवळ ७० अंशांवर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे ३५० किलोमीटर उत्तरेला. नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे ध्रुवाजवळच्या रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश, एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, ही बाबांची फार जुनी इच्छा गेल्या हिवाळ्यात पूर्ण झाली. तेव्हापासून नाशिकमधील ओळखीची बरीच मंडळी आपल्या आई-वडिलांना असे बोलावण्याबद्दल विचारतात, म्हणून सगळे एकत्र लिहीत आहे. माझे मत स्पष्ट आहे: ज्येष्ठ व्यक्तीला दोन-तीन रात्रींच्या धावत्या सहलीत इकडे आणू नये. मुक्काम मोठा ठेवावा आणि रोजचा कार्यक्रम आकाश, रस्त्यावरचा बर्फ आणि पाहुण्याची प्रकृती पाहून ठरवावा.

सुरुवात व्हिसापासून होते. नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नसला तरी २००१ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच अल्पकालीन व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेनचाच अल्पकालीन व्हिसा लागतो आणि त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमा बंधनकारक आहे. बाबांच्या कागदपत्रांत निवृत्तिवेतनाचे बँक विवरण, आयकर विवरणपत्रे, घराचे कागद, माझे निमंत्रणपत्र, खर्चाचे हमीपत्र आणि आमचे नाते सिद्ध करणारा माझा जन्मदाखला होता. त्या दाखल्यावर बाबांच्या नावाचे स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळे होते आणि ते दुरुस्त करून घेण्यात बाकी सर्व कामांपेक्षा अधिक वेळ गेला, म्हणून तिकिटे पाहण्याआधी सर्व कागदांवरील नावे एकमेकांशी ताडून पाहावीत, असे मी आग्रहाने सांगेन. अर्जासोबतच्या पत्रात आम्ही आई घरी नाशिकलाच थांबणार असल्याचेही नमूद केले. बोटांचे ठसे देण्यासाठी बाबा पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेले आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतले. पासपोर्ट खिडकीवर देताना, ही पुस्तिका आपल्या प्रेसच्या शेजारी, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते, हे त्यांनी तिथल्या मुलाला आवर्जून सांगितले.

कपड्यांच्या बाबतीत त्यांना पटवून देणे सोपे नव्हते. "अगं, निफाडची थंडी बघितलीय आम्ही," हे त्यांचे ठरलेले उत्तर असे आणि त्यात तथ्यही होते, कारण द्राक्षबागा वाचवण्यासाठी जिथे पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात तो भाग त्यांनी जवळून पाहिला आहे. ट्रॉम्सोच्या किनाऱ्यावर उबदार सागरी प्रवाह येत असल्याने हिवाळ्यातील सरासरी तापमान उणे ४ अंशांच्या आसपास राहते, म्हणजे लोक कल्पना करतात तितके ते भयंकर नसते. परंतु निफाडला सूर्य उगवला की अंग शेकता येते. इथे जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तो उगवतच नाही, वारा समुद्रावरून येतो आणि रात्री आकाश पाहताना तासन्तास एका जागी उभे राहावे लागते. त्यामुळे अंगालगत मेरिनो लोकरीचा थर, त्यावर जाड लोकर किंवा फ्लीस आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारे जॅकेट, अशी तीन थरांची व्यवस्था केली. सुती बनियन पूर्णपणे वर्ज्य, कारण सूत घाम धरून ठेवते आणि अंग गार पडते. बूट एक माप मोठे घेतले. घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबले की रक्ताभिसरण कमी होते आणि पाय अधिकच गारठतात. हे महागडे कपडे नाशिकमध्ये शोधत बसू नयेत. आतली लोकर सोडल्यास बाकी सर्व इथे उसने किंवा भाड्याने मिळते.

आईने दिलेल्या खाऊतून पेढे आणि तूप मी काढून ठेवायला लावले, कारण युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दुग्धजन्य आणि मांसजन्य पदार्थ प्रवाशांना नॉर्वेत आणता येत नाहीत. चिवडा, गोडा मसाला, भाजणी आणि तिळगूळ मात्र आले. ओस्लोला सामान ताब्यात घेऊन, सीमाशुल्क ओलांडून पुन्हा देशांतर्गत विमानासाठी द्यावे लागते, हे बाबांना आधीच कागदावर मराठीत लिहून दिले होते.

माझ्या दृष्टीने खरा धोका थंडीचा नव्हता, तो पायाखालचा होता. तापमान शून्याच्या वर-खाली होत राहते, बर्फ दिवसा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि पदपथावर काचेसारखा थर तयार होतो. त्या वयात एक पडणे म्हणजे खुब्याचे हाड. म्हणून विमानतळाच्या दारातच मी बाबांच्या बुटांना खिळ्यांचे रबरी पट्टे चढवले. हे पट्टे पुढच्या बाजूने आधी ताणून मग टाचेवर ओढायचे असतात. वाकून ते करणे त्यांना जड जात होते, त्यामुळे दाराजवळ एक उंच स्टूल कायमचे ठेवले. पाऊल लहान टाकायचे, भार पुढच्या पायावर ठेवायचा आणि हात खिशात घालायचे नाहीत, याचा सराव आम्ही घरासमोरच्या उतारावर केला. दुकानात शिरताना मात्र पट्टे काढावे लागतात, कारण गुळगुळीत फरशीवर तेच खिळे घसरतात. जॅकेटला परावर्तक पट्ट्याही लावल्या. अंधारात त्यांच्याशिवाय गाडीवाल्याला पादचारी दिसत नाही.

बाबांना मधुमेह असून ते इन्सुलिन घेतात. इन्सुलिन एकदा गोठले की निरुपयोगी होते, म्हणून विमानात ते हातातील सामानात आणि बाहेर फिरताना आतल्या खिशात, अंगालगत ठेवले. हिवाळ्यात नॉर्वेची वेळ भारताच्या साडेचार तास मागे असते. त्यानुसार मात्रेच्या वेळा त्यांच्या नाशिकच्या डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच ठरवून घेतल्या होत्या.

अंधाराबद्दल आधी बोलून ठेवणे आवश्यक असते. ट्रॉम्सोत साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी या काळात सूर्य क्षितिजावर येत नाही आणि शहराभोवतीच्या डोंगरांमुळे तो प्रत्यक्ष दिसायला २१ जानेवारी उजाडते. तरीही पूर्ण काळोख नसतो. दुपारच्या सुमारास काही तास निळसर, मग गुलाबी संधिप्रकाश पसरतो. सुरुवातीला बाबांना दुपारी तीनला झोप येई आणि मध्यरात्री जाग येई. त्यावर उपाय म्हणून जेवणाच्या वेळा ठरवल्या, सकाळी प्रखर दिवा लावला आणि त्या संधिप्रकाशात रोज घराबाहेर पडायचेच, असा नियम केला. संक्रांतीला सूर्य नसताना तिळगूळ वाटण्याची वेळ आली, याचे त्यांना फार नवल वाटले आणि त्यांनी शेजारच्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन तो दिला.

आता ज्यासाठी ते आले होते त्याविषयी. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांभोवतीच्या पट्ट्यांकडे वळतात आणि वातावरणातील वायूंवर आदळून प्रकाश निर्माण करतात. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजनमुळे हिरवा रंग दिसतो. ट्रॉम्सो या पट्ट्याखालीच येत असल्याने चुंबकीय हालचालींचा निर्देशांक कमी असला तरी प्रकाश दिसू शकतो. अडवतात ते ढग. म्हणून मी प्रकाशाचे अंदाज सांगणारी ॲप बाजूला ठेवून आधी ढगांचा नकाशा पाहत असे. किनारा झाकलेला असला तरी फिनलंडच्या सीमेकडील शिबोटनच्या परिसरात हवा कोरडी असते आणि आकाश बऱ्याचदा मोकळे मिळते. आम्ही अनेक संध्याकाळी घरीच काढल्या आणि अंदाज चांगला असेल तेव्हाच, बाबांना दुपारी झोप घ्यायला लावून, निघालो.

शिबोटनजवळ रस्त्याच्या कडेला गाडी लावून, घडीच्या खुर्चीवर लोकरी कातडे घालून मी बाबांना बसवले. थोड्या वेळाने उत्तरेकडे एक फिकट पट्टा दिसू लागला. "हा ढगच आहे गं," ते म्हणाले. फोनने काढलेल्या छायाचित्रात तो हिरवा आला, कारण मंद प्रकाशात डोळ्यांना रंग ओळखता येत नाहीत आणि कॅमेरा काही सेकंद प्रकाश साठवतो. छायाचित्रे पाहून आलेल्या अनेकांची इथेच निराशा होते, म्हणून हे पाहुण्याला आधी सांगावे. काही वेळाने पट्टा तेजाळला, खालची कड गुलाबी झाली आणि पडदा हलावा तसा तो डोक्यावरून दक्षिणेकडे सरकला. या वेळी रंग त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आधी उरकून घेतल्याचा इथे फार उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी जपून ठेवलेली २०० क्रोनरची जुनी नोट बाबांना दाखवली. ध्रुवीय प्रकाशाचे कारण शोधण्यासाठी निर्वात पेटीत चुंबकीय गोळ्यावर प्रयोग करणारे नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्केलांड (१८६७–१९१७) यांचे चित्र त्या नोटेवर होते. २०१७ मध्ये तिच्या जागी कॉड माशाचे चित्र असलेली नोट आली. बाबांनी भिंग काढले, नोट दिव्यासमोर धरून वॉटरमार्क पाहिला आणि छपाईचा उठाव अंगठ्याने चाचपला. त्यांना नॉर्वेजियन येत नव्हते आणि आजींना मराठी, तरीही दोघांची अर्धा तास उत्तम चर्चा झाली.

बाकी स्थळांत ४२१ मीटर उंचीवर नेणारा रोपवे आणि १९६५ मध्ये बांधलेले आर्क्टिक कॅथेड्रल हे चर्च ज्येष्ठांना झेपण्यासारखे आहे. देवमासे पाहण्याची बोट मी टाळली. खवळलेल्या समुद्रात कित्येक तासांचा तो प्रवास त्यांच्यासाठी नव्हता. सामी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजातील एका कुटुंबाकडे रेनडिअरना चारा घालण्यात मात्र ते रमले.

आईचे गुडघे दुखतात आणि बर्फावर ती चालू शकणार नाही, म्हणून तिला उन्हाळ्यात बोलावले आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत इथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे सध्या तिच्या खोलीसाठी जाड काळे पडदे शोधत आहे आणि तिच्या कागदांवरील नावे तपासण्याचे काम बाबांनी स्वतःकडे घेतले आहे.