यरुशलेमहून खाली

आमच्या दहा दिवसांच्या यात्रेत यरुशलेम ते यरीहो या रस्त्याच्या वाट्याला कार्यक्रमपत्रिकेतली एक ओळ आली आणि प्रत्यक्षात पस्तीस मिनिटे, तीही वातानुकूलित बसच्या काचेतून. नोव्हेंबर २०१९ मध्ये अहमदनगरहून आम्ही बत्तीस जण गेलो होतो. आदल्याच दिवशी पवित्र कबरेच्या चर्चमध्ये सव्वादोन तास रांगेत उभे राहून आम्हांला आत जेमतेम अर्धा मिनिट मिळाला होता, आणि त्या अर्ध्या मिनिटातही पाठीमागच्या गर्दीचा रेटा एवढा होता की प्रार्थना ओठांवर येण्याआधीच आम्ही बाहेर पडलो. त्याबद्दल मी कुरकुर केली नाही. परंतु यरीहोच्या रस्त्यावर पाच मिनिटे बस थांबवा अशी विनंती केली, तेव्हा आमच्या यात्राप्रमुखांनी सांगितले की तिथे पाहण्यासारखे काही नाही, नुसते उघडे डोंगर आहेत. हे उत्तर मला मनापासून लागले. चार भिंतींच्या आत गेलेल्या स्थळांसाठी आम्ही तासन्‌तास तिष्ठत होतो, आणि शुभवर्तमानातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट जिथे अजून उघड्या जमिनीवर, आहे तशी पाहता येते, तिथे उतरायला आम्हांला सवड नव्हती.

गालीलातले तीन दिवस फार सुंदर गेले, पण त्यांच्याविषयी मी इथे लिहीत नाही. आठव्या दिवशी मंडळी जैतुनाच्या लाकडातल्या वस्तू खरेदी करण्यासाठी बेथलेहेमला निघाली, तेव्हा मी आणि माझी मावशी मागे राहिलो आणि पूर्व यरुशलेममधल्या एका पॅलेस्टिनी टॅक्सीवाल्याला दिवसभरासाठी ठरवले. त्याने पाचशे शेकेल घेतले, म्हणजे तेव्हाचे सुमारे दहा हजार रुपये. संपूर्ण यात्रेत मी स्वतःच्या खिशातून केलेला हा सर्वांत मोठा खर्च होता आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. मावशी अडुसष्ट वर्षांची आहे. तिने तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि तितकीच वर्षे आमच्या मंडळीत रविवारची शाळा चालवली. ही दोन्ही कामे तिच्या हातून एकाच वेळी कामी आलेली मी त्या दिवशी प्रथमच पाहिली.

आम्ही जैतुनांच्या डोंगरावरून निघालो. तिथे प्रत्येक यात्रेकरू पश्चिमेकडे तोंड करून उभा असतो, कारण किद्रोन खोऱ्यापलीकडे तटबंदीतले यरुशलेम आणि सोनेरी घुमट दिसतात आणि छायाचित्र तिकडेच घ्यायचे असते. मावशीने मात्र मला खांद्याला धरून मागे वळवले. त्याच माथ्याच्या पूर्वेला, काही पावलांवर, हिरवळ संपली होती आणि तपकिरी, निर्जल टेकड्यांच्या रांगा एकीखाली एक उतरत दूरच्या धुरकट खाईकडे चालल्या होत्या. "पर्जन्यछाया," ती म्हणाली, "नगरच्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको." भूमध्य समुद्रावरून येणारे ढग यहूदियाच्या डोंगरांच्या पश्चिम उतारावर आणि माथ्यावर रिकामे होतात. यरुशलेमला वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस मिळतो, तर यरीहोच्या वाट्याला साधारण १५० मिलिमीटर येतो. सह्याद्री ओलांडून आल्यावर आमच्याकडेही पाऊस असाच आटतो, परंतु आमच्याकडे त्यानंतर पठार लागते आणि इथे जमीनच खाली निघून जाते. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली. म्हणजे एक हजार मीटरची उतरण, आणि रस्ता जेमतेम सत्तावीस किलोमीटरचा. पाणी पिऊन रिकामी झालेली प्लास्टिकची बाटली मावशीने तिथेच झाकण घट्ट लावून पिशवीत टाकली. का, ते तिने सांगितले नाही.

जुनी वाट बेथानीवरून जात असे. येशूचे स्नेही मार्था, मरिया आणि लाजर यांचे हे गाव यरुशलेमपासून तीनेक किलोमीटरवर होते असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. मधे इस्रायलने बांधलेली काँक्रीटची उंच भिंत उभी राहिल्यापासून ती सरळ वाट बंद झाली आहे, आणि चालकाने आम्हांला मोठा वळसा घालून मुख्य महामार्गावर आणले. आपली मोठी बहीण भिंतीपलीकडे राहते, एवढे एकच वाक्य तो बोलला आणि मग बराच वेळ गप्प राहिला.

अर्ध्या वाटेच्या सुमारास दगड लाल होतात. जुन्या करारातल्या यहोशवाच्या पुस्तकात सीमा सांगताना या जागेला अदुम्मीमची चढण म्हटले आहे, आणि हिब्रू नावात तांबडेपणा आहे. अरबीत तिला रक्ताची चढण म्हणतात. चौथ्या शतकात बेथलेहेमला येऊन राहिलेल्या संत जेरोम यांनी लुटारूंनी इथे सांडलेल्या रक्तावरून हे नाव पडल्याचे लिहून ठेवले आहे. मी गाडीतून उतरून रस्त्याकडेच्या दरडीवर तळहात टेकला, तर हातावर गेरूसारखी तांबूस भुकटी उतरली. हा लोहाचा रंग आहे, हे मला कळत होते. तरीही तो हात मी लगेच पुसू शकलो नाही.

इथेच "चांगल्या शोमरोन्याची उतारशाळा" म्हणून एक स्थळ दाखवतात. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या एका माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकतात, एक याजक आणि एक लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, त्याला पाहून बाजूने निघून जातात, आणि यहुदी ज्याला परका मानत असा शोमरोनी त्याला उचलून उतारशाळेत नेतो. येशूने सांगितलेला तो दाखला आहे, इतिहासाची नोंद नव्हे, त्यामुळे त्यातली उतारशाळा नेमकी हीच असे कोणी म्हणू नये, आणि तिथे तसा हट्टही कोणी धरत नाही. परंतु या टप्प्यावर प्रवाशांच्या रक्षणासाठी रोमन काळाच्या अखेरीस चौकी होती, धर्मयुद्धांच्या काळात समोरच्या टेकडीवर गढी होती, आणि तुर्की अमदानीत सराई होती. माणसाला इथे आडोशाची गरज नेहमीच भासलेली आहे. २००९ पासून तिथे मोझाइकचे संग्रहालय आहे. जुन्या सभास्थानांच्या, शोमरोन्यांच्या प्रार्थनास्थळांच्या आणि चर्चच्या मोझाइकच्या फरश्या तिथे शेजारी शेजारी मांडल्या आहेत. मला त्यापेक्षा आमच्या मराठी बायबलातला "उतारशाळा" हा शब्दच तिथे अधिक दिसत राहिला. प्रवासी उतरतात ती उतारशाळा एवढाच त्याचा अर्थ, पण एवढ्या उतारावर उभे राहून तो मनात आला की कानाला वेगळा लागतो.

वादी केल्ट ही या रस्त्याला लागून उत्तरेकडून जाणारी घळ. महामार्ग सोडून तिच्या कडेला आलो आणि वारा एकदम थांबला. समोरच्या कड्याला चिकटलेला संत जॉर्जचा मठ दिसत होता. पाचव्या शतकात या गुहांभोवती साधूंची वस्ती झाली, ६१४ मध्ये पर्शियन स्वारीत मठ उद्ध्वस्त झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रीक ऑर्थोडॉक्स साधूंनी तो पुन्हा उभारला. तळाशी खजुरी आणि सरूच्या झाडांची एक अरुंद हिरवी रेघ होती. बाकी सर्वत्र भाजलेल्या भाकरीच्या रंगाचा दगड. खाली जाणाऱ्या फरसबंद वाटेच्या तोंडाशी बेदुइन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांची, मुले गाढवे घेऊन उभी होती. मावशीने गाढव नाकारले आणि काठी टेकत चालू लागली.

चढ दम काढतो आणि उतार गुडघे काढतो, हे आम्ही हरिश्चंद्रगडावर अनेकदा म्हटले आहे. तिसऱ्या वळणावर तिचे गुडघे बोलू लागले, तेव्हा आम्ही सावलीच्या एका पट्ट्यात दगडी कठड्यावर बसलो. मला एक गोष्ट पडताळून पाहायची होती. मी एकटाच पुढे चालत गेलो, तीसएक पावले मोजली, आणि कड्याचा कोपरा वळलो. मागे पाहिले तर मावशी दिसेनाशी झाली होती. तिला हाक मारली, आणि हाक समोरच्या कड्यावर आपटून भलत्याच बाजूने परत आली. हाक कुठून आली हे मला समजेना, तिलाही समजले नाही असे तिने नंतर सांगितले. लुटारूंना या वाटेवर लपण्यासाठी काहीही करावे लागत नसणार. त्यांनी एका वळणामागे नुसते बसून राहायचे, आणि पलीकडच्या वळणामागे असलेल्याला काहीच कळणार नाही.

मी परत आलो तेव्हा मावशीने पिशवीतले बायबल काढून लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय, म्हणजे हाच दाखला, उघडला होता. ती मोठ्याने वाचत होती आणि अचानक थांबली. "अरे, हे ऐक," ती म्हणाली, "याजकही त्याच वाटेने खालीच चाललाय."

मला क्षणभर उमगले नाही. लहानपणापासून आम्ही या दाखल्यावरची प्रवचने ऐकत आलो आहोत, आणि त्यांत बहुतेक वेळा याजकाची बाजू अशी मांडली जाते की तो बिचारा मंदिराच्या सेवेला निघाला होता, प्रेताला शिवला असता तर विटाळला असता आणि सेवेला मुकला असता. माझ्या मनातला याजक त्यामुळे नेहमी यरुशलेमच्या दिशेने घाईने जात असे. परंतु यरुशलेम वर आहे. या जमिनीवर उभे राहिले की त्यात चुकण्याची सोयच राहत नाही. जो खाली चालला आहे तो मंदिराकडे पाठ करून चालला आहे. याजकांचे चोवीस वर्ग होते आणि ते पाळीपाळीने सेवा करीत. यहुदी परंपरेनुसार यरीहोत याजकांची मोठी वस्ती होती. म्हणजे हा मनुष्य आपली पाळी संपवून घरी निघालेला.

"देवळातलं काम आटोपून निघालाय," मावशी म्हणाली, "आता त्याला कसली घाई होती?"

न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे की प्रेताला न शिवण्याचा याजकांचा नियम घरी जातानाही सुटत नव्हता, आणि लेवी कोणत्या दिशेने चालला होता हे लूकने सांगितलेले नाही. पण पडलेला माणूस अर्धमेला होता, मेलेला नव्हता, आणि ते कळायला जवळ जाणे भाग होते. ज्या एका शब्दाने याजकाची सबब पातळ होते तो शब्द आम्ही मराठीतच वाचत आलो होतो. कोणी लपवून ठेवलेला नव्हता. मावशीने तीस वर्षे तो दाखला मुलांना शिकवला होता, आणि ती पुस्तक मांडीवर घेऊन बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली. मी पाहिले, तिचे डोळे भरले होते. मी काही बोललो नाही.

परत वर येताना मात्र तिने गाढव घेतले. लगाम धरून चालणारा मुलगा जेमतेम बारा वर्षांचा असेल. प्रत्येक वळणावर तो गाढवाला कड्याच्या बाजूला घेई आणि स्वतः दरीच्या बाजूने चाले. वर पोहोचल्यावर त्याच्या आजोबांनी काटक्यांच्या जाळावर उकळलेला, सेजची पाने घातलेला गोड चहा आम्हांला दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. हॉटेलातल्या दहा दिवसांच्या न्याहारीपैकी मला काहीही आठवत नाही, पण तो चहा आठवतो.

यरीहोत पोहोचेपर्यंत कान दोनदा दडपले. स्वेटर केव्हाच काढून ठेवले होते आणि तरीही घाम येत होता. झऱ्याच्या पाण्यावर उभे असलेले हे गाव म्हणजे खजूर, केळी आणि संत्री यांची दाटी आहे. अलीशा संदेष्ट्याने मीठ टाकून ज्याचे पाणी गोड केले तो झरा म्हणून दाखवतात तो आजही वाहतो, आणि त्याच्यासमोरच्या तेल अस-सुलतान या टेकाडात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा, साडेआठ मीटर उंचीचा दगडी बुरूज आहे. यहोशवाच्या स्वारीत यरीहोची तटबंदी कोसळली असे बायबलात आहे, पण पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांनी १९५२ ते १९५८ या काळात तिथे उत्खनन केले, तेव्हा यहोशवाच्या काळाशी जुळणारी पडलेली तटबंदी त्यांना मिळाली नाही. मावशीने हे माझ्याकडून शांतपणे ऐकून घेतले आणि बुरुजाकडे बराच वेळ पाहत राहिली. येशूला पाहण्यासाठी झाडावर चढलेला जकातदार जक्कय, त्याचे म्हणून गावात एक जुने झाड दाखवतात. मराठी बायबलात ते उंबराचे झाड आहे, आणि भाषांतरकारांनी किती विचाराने शब्द निवडला हे मला तिथे दिसले. जात आपल्या उंबराहून वेगळी, पण कूळ तेच, आणि फळे तशीच खोडाला व जाड फांद्यांना झुबक्यांनी लगडलेली.

त्या झाडाखाली मावशीने पिशवीतून बाटली काढली. तिच्या दोन्ही बाजू आत ओढल्या जाऊन पोटाला खळगे पडले होते. झाकण फिरवताच फस्सकन हवा आत शिरली आणि बाटली टणकन पूर्ववत झाली. शेजारी खजूर विकणारी बाई हे पाहून हसली आणि तिने आम्हांला मूठभर मेदजूल खजूर तसेच दिले. मावशीने झाकण पुन्हा घट्ट लावले.

संध्याकाळी महामार्गाने परत निघालो. येशू शेवटच्या वल्हांडण सणासाठी वर यरुशलेमला गेला तो यरीहोहूनच, आणि यात्रेकरूंची आरोहणस्तोत्रे वर जाणाऱ्यांसाठी आहेत. डोंगरांकडे दृष्टी लावून साहाय्य कोठून येईल असे विचारणारे स्तोत्र मावशी गाडीत हलक्या आवाजात म्हणत होती आणि इंजिन चढावर धापा टाकत होते. समुद्रसपाटीची पाटी आली, तिच्याशेजारी एक उंट बांधलेला होता, आणि आम्ही अजून फक्त शून्यावर होतो. चालकाने खिडक्या बंद केल्या. जैतुनांच्या डोंगरामागे दिवे दिसू लागले तेव्हा आम्ही स्वेटर पुन्हा अंगात घातले होते, आणि मावशीच्या मांडीवरची बाटली फुगून इतकी कडक झाली होती की बोटाने दाबली तरी दबत नव्हती.