दीवला गेलात, तर एक सकाळ खुकरीसाठी ठेवा

दीवला येणारे बहुतेक जण किल्ला पाहतात, नागवाच्या पाण्यात डुंबतात आणि परततात. आम्ही मुद्दाम गेलो ते चक्रतीर्थ किनाऱ्यालगतच्या टेकाडावरच्या स्मारकासाठी. तिथे काचेच्या घरात आयएनएस खुकरी या आपल्या नौदलाच्या युद्धनौकेची प्रतिकृती आहे आणि समोर अरबी समुद्र. खरी खुकरी याच समुद्राच्या तळाशी आहे, दीवपासून साधारण ४० सागरी मैलांवर. म्हणजे किनाऱ्यावरून काहीच दिसत नाही.

९ डिसेंबर १९७१ची रात्र. पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात खुकरी आणि कृपाण या दोन युद्धनौका मुंबईहून निघाल्या होत्या. खुकरीवर सोनारचा (ध्वनिलहरींनी पाण्याखालची पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रणेचा) एक प्रयोग चालू होता, त्यासाठी तिने वेग कमी ठेवला होता. ‘हंगोर’ पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत जहाज बुडाले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्लांनी आपले लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिले आणि ते जहाजावरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. मुल्लांचे नाव निदान आपल्या कानांवर असते. मला तिथे सारखे आठवत होते ते खालच्या डेकवर, इंजिनरूममध्ये पाळीवर असलेले लोक. त्यांच्या घरच्यांना विसर्जनासाठी अस्थीसुद्धा मिळाल्या नाहीत.

मुंबईहून वेरावळपर्यंत रेल्वे आहे, पुढे उन्यावरून साधारण ९० किमी रस्ता. दीव गावातून स्मारकापर्यंत रिक्षा करा आणि परतीसाठी तीच थांबवून ठेवा. संध्याकाळी सूर्यास्त पाहणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून शांतपणे उभे राहायचे असेल तर सकाळी लवकर जा. हवा डिसेंबर ते फेब्रुवारीत चांगली.

दीवमध्ये आणखी एक खुकरी आहे, रिक्षावाल्याला नीट सांगा. ती त्याच नावाची पुढची युद्धनौका. आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही नौका १९८९ साली नौदलात आली आणि निवृत्तीनंतर, २०२२मध्ये संग्रहालयासाठी दीवला दिली गेली. वेळा आणि तिकीट आदल्या दिवशी विचारून घ्या. शक्य असेल तर आधी ही नौका पाहा, मग स्मारकावर जा. युद्धनौकेचे अरुंद, उभे जिने पाहिले की तळातून वर यायला त्या रात्री किती थोडा वेळ होता, ते कळते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी मात्र वरच्या डेकवरच थांबावे.